लोहाचे लाडू : तूप नको, पाक नको आणि चहाही नको

गेल्या आठवड्यात एक आजी आपल्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. नात पुण्याला शिकायला असते, सुटीला घरी आलेली. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, अभ्यासाला बसले की डोके दुखते, अशा तक्रारी. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन. मी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टर, औषध द्या, पण आधी हिला जरा समजावा. हिने दूध सोडलंय, तूप सोडलंय, दहीसुद्धा खात नाही. व्हीगन की काय म्हणे. आता हिला डिंकाचा लाडू तरी कसा करून घालू?"

नात म्हणाली, "आजी, बिनतुपाचा कर ना."

"बिनतुपाचा लाडू वळतो का कधी?" आजींनी विषय संपवला.

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आलेली असताना हा संवाद व्हावा याची मला गंमत वाटली. कारण आपल्या घरोघरी जो तिळाचा लाडू होतो त्याला तूप लागतेच कुठे? दाण्याच्या कुटाचा लाडू तर पाकाशिवाय, चुलीशिवाय, नुसता गुळात कुटून वळला जातो. उपासाला आपण तो वर्षानुवर्षे खात आलो आहोत. आजींच्या हातून असे हजारभर लाडू वळले गेले असतील. फक्त 'पौष्टिक लाडू' म्हटला की तूप, काजू, बदाम हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

दूध-तूप सोडावे असा माझा सल्ला नाही. ज्याला परवडते, पचते, त्याने दूध अवश्य घ्यावे. पण त्या मुलीचा प्रश्न मला फार उपयोगी वाटला, आणि तो व्हीगन नसलेल्यांच्याच जास्त उपयोगाचा आहे. आपल्याकडे पौष्टिक लाडू होतो तो बाळंतिणीसाठी. एरवी 'तूप महाग, सुका मेवा महाग, पुढच्या महिन्यात बघू' म्हणून तो राहून जातो. मग मुलांच्या हातात काय पडते? बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई, क्रीमची बिस्किटे, मैदा, साखर आणि वनस्पती तूप. शरीरातले लोह वाढवण्याच्या दृष्टीने त्यात काही नाही.

आणि लोहाची गरज किती आहे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात शेकडा ५७ आणि आपल्या महाराष्ट्रात शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत निम्म्याहून अधिक. हे सगळे लोहाच्याच कमतरतेने होते असे नाही, पण मोठा वाटा तिचा आहे. यावर तुपाचा उपयोग शून्य, कारण तुपात लोह नसते. दुधात ते नगण्य असते, आणि दुधातले कॅल्शियम दुसऱ्या पदार्थांतले लोह शोषले जाण्याच्या आड येते. तेव्हा लोहासाठीच लाडू करायचा असेल तर त्यातून तूप आणि खवा वगळल्याने काहीच बिघडत नाही. नातीचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर होते आणि मी तसे आजींना सांगितलेही. नात लगेच खुशीत आली. तिला पुढे मी काय ऐकवले ते शेवटी सांगतो.

आता कशात किती लोह आहे ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते आम्ही डॉक्टर लोक विद्यार्थिदशेपासून वापरत आलो. २०१७ साली नवे तक्ते निघाले आणि जुने काही आकडे बदलले. शंभर ग्रॅम अळिवात शंभर मिलिग्रॅम लोह, हा आकडा आम्ही वर्षानुवर्षे रुग्णांना ऐकवला. नव्या तक्त्यात तो पुष्कळच खाली आला आहे. पोह्यांचेही तसेच झाले. जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅमला वीस मिलिग्रॅम होते, नव्यात साडेचारच्या आसपास. म्हणून कोणी 'यात लोहाचा खजिना आहे' म्हणाले की हल्ली मी जरा थांबून विचार करतो. अळीव तरीही चांगलेच, तीळ तर फार चांगले. शंभर ग्रॅम तिळात नऊपासून चौदा-पंधरा मिलिग्रॅमपर्यंत लोह धरायला हरकत नाही. हरभऱ्यात सहा-सात, शेंगदाण्यात अडीच-तीन, गुळात अडीचपासून साडेचारपर्यंत. खजुराचा आकडा जातीप्रमाणे आणि तो किती वाळलेला आहे त्याप्रमाणे एकापासून पाचापर्यंत फिरतो. राजगिरा यात वरच्या रांगेत बसतो आणि त्याच्या लाह्या तयार मिळतात, ही सोय मोठी.

गुळाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या भागात त्यावर श्रद्धा फार. गुळात लोह आहे, पण गूळ आपण खातो किती? सुपारीएवढा खडा दहा ग्रॅमचा. त्यातून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. गुळाने रक्त वाढते म्हणून जेवणानंतर रोज खडा चघळणारे आणि त्यापायी साखर वाढवून घेणारे रुग्ण माझ्याकडे आहेत. बिटाची गोष्ट तर याहून वरची. बीट लाल, रक्त लाल, एवढ्याच नात्यावर बिटाने आपल्या घरात मानाचे पान मिळवले आहे. बिटात लोह शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्याही आत असते. भाजी म्हणून खावे, रक्तवर्धक म्हणून त्याचे ग्लास रिचवू नयेत.

तर लाडू. मी आजींना लिहून दिला तो असा. पॉलिश न केलेले गावरान तीळ १०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, पंढरपुरी डाळे ५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ काळा खजूर १५० ग्रॅम आणि चिरलेला गूळ ५० ग्रॅम. तीळ धुऊन रात्रभर भिजत घालावेत आणि दुसऱ्या दिवशी उन्हात खडखडीत वाळवावेत. तिळात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. भिजवल्याने ते थोडे कमी होते. मग तीळ आणि दाणे कोरडेच भाजून घ्यावेत. चुलीचे काम एवढेच. बाजारातून भाजलेले बिनमिठाचे दाणे आणले तर तेवढेही कमी. डाळे भाजलेलेच असतात.

तीळ, दाणे आणि डाळे वेगवेगळे मिक्सरमधून काढावेत. मिक्सर सलग फिरवला तर तिळाला आणि दाण्याला तेल सुटून गोळा होतो, म्हणून थांबत थांबत फिरवावा. शेवटी खजूर आणि गूळ घालून सगळे एकत्र फिरवावे. दाण्याचे तेल आणि खजुराचा चिकटपणा यावर लाडू सहज वळतो. तूप लागत नाही, पाकही लागत नाही. पाक बिघडून लाडू दगडासारखा होण्याची भीती नाही, ही नव्या सुनांना केवढी सुटका! खजूर कोरडा निघाला आणि मिश्रण भुरभुरू लागले तर चमचाभर तिळाचे तेल घालावे. खारकेने हे काम होत नाही. एवढ्या साहित्यात पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे अठरा लाडू होतात. कोरड्या डब्यात थंडीच्या दिवसांत दहा-बारा दिवस सहज टिकतात. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे फेकून द्यावेत. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही.

माझी आई हे सगळे लोखंडी खलात कुटत असे. त्या खलाचा ठणठण आवाज आणि खजुराचा वास मला अजून आठवतो. खलातून लाडवात कितीसे लोह उतरत असेल, फारसे नाही. पण लोखंडी कढईत आमटी, भाजी केली तर मात्र ते बऱ्यापैकी उतरते. चूल न वापरता केलेल्या पदार्थाला कढईचा तो फायदा मिळत नाही, म्हणून लाडू करा आणि कढईही माळ्यावरून खाली काढा.

दुसरा प्रकार अळिवाचा. त्याला कढईत आटवायचे सोडून दिले की तो पाच मिनिटांचा होतो. दोन चमचे अळीव नारळाच्या पाण्यात किंवा साध्या पाण्यात तीन-चार तास भिजवावेत. ते फुगून गिळगिळीत होतात. त्यात खवलेला ओला नारळ, थोडा गूळ आणि वर अर्धे लिंबू पिळून वाटीतच खावेत. ओला नारळ कच्चा असल्याने हे त्याच दिवशी संपवावे लागते. अळीव आपल्याकडे बाळंतिणीला देतात, गरोदर बाईला देत नाहीत. तो रिवाज तसाच पाळावा.

आता हिशेब करू. वरच्या अठरा लाडवांत मिळून सतरापासून तीस मिलिग्रॅमपर्यंत लोह भरते. म्हणजे एका लाडवात एक-दीड मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, पुरुषाला १९, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२. दोन लाडू खाल्ले तर रोजच्या गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा मिळाला. बाकीचा भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या यांतून यायला हवा. एका बिस्किटाच्या पुड्यापेक्षा दोन लाडू केव्हाही सरस, एवढेच म्हणता येईल. मात्र दोन लाडवांत तीन-चार चमचे साखरेइतका गोडवाही असतो, मग तो खजुराचा असो की गुळाचा. मधुमेह्यांनी 'साखर घातलेली नाही' या शब्दांना भुलू नये.

शिवाय खाल्लेले सगळे लोह अंगी लागत नाही. धान्य, डाळी, तीळ यांतल्या लोहापैकी शंभरातले पाच-आठ भागच शोषले जातात. हे प्रमाण वाढवणे किंवा घालवणे आपल्या हाती आहे, आणि लाडवाची खरी गोम इथे आहे. क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण वाढते. चहा सोबत असेल तर ते निम्म्याहून खाली येऊ शकते. आता आपण लाडू खातो केव्हा? दुपारी चार वाजता, चहाबरोबर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय होते? तिळगूळ हातावर पडतो आणि पाठोपाठ चहाचा कप येतो. मोठ्या कष्टाने मिळवलेले लोह आपण त्या कपात बुडवतो. कॉफीचेही तसेच. लाडू आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. सध्या पेरू आणि आवळे स्वस्त आहेत. लाडवाबरोबर पेरूच्या चार फोडी, नाहीतर एक आवळा, तोही जमत नसेल तर लिंबू-पाणी. यंदाच्या हळदीकुंकवाला एखाद्या घरी चहाऐवजी पेरूच्या फोडी मिळाल्या तर हा लेख तिथे पोचला असे मी समजेन.

हे सगळे लिहिताना एका बाईंची आठवण सारखी येते. वय अडतीस-चाळीस. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांना रिक्षातून आणले, कारण दवाखान्यापर्यंत चालवत नव्हते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक सहा. विचारले, "कधीपासून?" त्यांचे यजमान म्हणाले, "डॉक्टर, आठ महिने झाले. पण आम्ही हयगय केली नाही. मी दर आठवड्याला खजुराचा डबा आणतो, बीट आणतो. ही रोज लाडू खाते." माणूस खरेच बोलत होता. त्याच्या कमाईच्या मानाने तो खर्च थोडा नव्हता. बाईंना वर्षभरापासून पाळीत अतोनात रक्तस्राव होत होता. ते त्यांनी नवऱ्यालाही नीट सांगितले नव्हते, मग मला कुठून सांगणार! तपासणीत गर्भाशयात गाठ निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन रक्त चढवावे लागले, पुढे शस्त्रक्रिया झाली. आज त्या उत्तम आहेत. पण ते आठ महिने लाडवांनी खाल्ले. माठाला चीर गेलेली असताना वरून वाटीवाटीने पाणी ओतावे तसे ते घर करत राहिले.

यात माझाही दोष मी धरतो. त्या बाई त्याआधी खोकल्यासाठी एकदा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. जाता जाता थकवा वाटतो म्हणाल्या तेव्हा गर्दीच्या वेळी मीच म्हणालो होतो, "गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा." पाळीबद्दल विचारायचे राहून गेले. त्या दिवसापासून 'गूळ-शेंगदाणे खा' हे वाक्य मी रक्त तपासल्याशिवाय उच्चारत नाही.

म्हणून ठाम सांगतो. लाडू आहार आहे. रक्तक्षय जडला की लागते ते औषध. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी आणि शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे मिळवायला चाळीसहून अधिक लाडू लागतील. या गोळ्या घराघरांत फडताळात पडून असतात, कारण शौचाला काळे होते, मळमळते. काळे होणे अपेक्षितच आहे, त्याने घाबरू नये. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, वेळ बदलून पाहावी, डॉक्टरांना विचारावे, पण सोडू नये. गोळीही चहा-दुधाबरोबर घेऊ नये. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातला साठा भरून येण्यासाठी ती आणखी काही महिने घ्यावी लागते. आणि लहान मुलांच्या हाती ती पडू देऊ नये. गोड गोळी समजून मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते.

पाळी जाऊन वर्षे झालेली बाई किंवा कोणताही पुरुष फिकट दिसू लागला तर लाडवाचा विचारही आधी करू नये. रक्त कुठून जात आहे ते शोधावे. मूळव्याध, जठरातला व्रण आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही याच वाटेने पहिली खूण दाखवतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना अंकुशकृमी असतात, ते आतड्यात बसून रक्त पितात. सिकलसेल किंवा थॅलसेमिया असलेल्या घरांत तर डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

आता त्या नातीला काय ऐकवले ते. तिला म्हटले, "तुझा बिनदुधाचा लाडू मला मान्य. पण ब-१२ जीवनसत्त्व ना तिळात असते, ना खजुरात, ना पालकात. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातूनच काय ते मिळते, आणि तेही तू सोडलेस. त्याची उणीव झाली की रक्त तर घटतेच, शिवाय हातापायांना मुंग्या येतात, आणि फार दिवस दुर्लक्ष झाले तर नसांचे नुकसान कायमचे राहते. तुझे तत्त्व तुला पाळायचे असेल तर ब-१२ ची गोळीही त्या तत्त्वाचाच भाग समज." तिची ब-१२ ची तपासणी केली. ते कमी निघाले. दोन्ही औषधे सुरू केली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे ठरले आहे.

राहता राहिला लाडवाच्या डब्याचा प्रश्न. अठरा लाडू वळणारी बाई त्यातले किती खाते, हे मी हल्ली मुद्दाम विचारतो. उत्तर बहुधा एकच येते : "चवीपुरता एक." आधी मुलांना, मग शाळेच्या डब्यात, मग यजमानांना, मग आलेल्या पाहुण्याला. ज्याला लोहाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला डब्याच्या तळाचा भुगा. आता मी चिठ्ठीवर औषधाखाली लिहून देतो, 'लाडू : रोज दोन, स्वतः.' डॉक्टरांनी लिहून दिले म्हटल्यावर सासूबाईही आडवे येत नाहीत, असा अनुभव आहे.

परवा त्याच आजी पुन्हा आल्या. हातात डबा. "वळले हो बिनतुपाचे," म्हणाल्या. एक लाडू मला दिला. छान झाला होता, तीळ बारीक दळलेले, कवळीत अडकू नयेत म्हणून. मग हळूच विचारले, "मी किती खाऊ?"

त्यांची जेवणानंतरची साखर मागच्या वेळी दोनशे दहा होती. म्हटले, "आजी, तुम्ही अर्धा. आणि तोही चहाबरोबर नाही."